ड्रोनची नवी बॅटरी आली? पहिल्याच दिवशी भरल्या टाकीला जुंपू नका!

जत : दावणीला नवीन खिल्लार खोंड आणलं की पहिल्याच दिवशी कुणी त्याला दिवसभर नांगराला जुंपत नाही. आधी वेसण, मग मोकळं जू, मग हलकं काम. पण ड्रोनची नवी बॅटरी आली की सकाळी खोकं फोडलं, फास्ट चार्जिंगला लावली आणि दहा लिटरची टाकी भरून थेट तुरीच्या रानात, असं होतं. फवारणीची वेळ निघून चाललेली असते, पुढच्या शेतकऱ्याचा फोन वाजत असतो. घाई समजण्यासारखी आहे. पण बॅटरी खराब निघाली तर ते कळतं कधी? भर पिकात, ड्रोन हवेत असताना.

नमो ड्रोन दीदी योजनेमुळे बचत गटांच्या महिलांच्या हातात फवारणीचे ड्रोन आले. काही तरुणांनी स्वतः ड्रोन घेऊन भाड्याने फवारणी सुरू केली. उडवायचं कसं हे प्रशिक्षणात शिकवतात. बॅटरी कशी सांभाळायची याला मात्र वेळ कमी मिळतो, आणि पुढे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. म्हणून नवी बॅटरी आल्यापासून ती बाद होईपर्यंत काय करायचं, ते सविस्तर पाहू.

आधी हिशेब समजून घ्या

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ड्रोन आणि साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ड्रोनसोबत एक बॅटरी सेट आणि वर चार जादा सेट, म्हणजे एकूण पाच सेट मिळतात. एवढ्या सेटवर दिवसाला २० एकरांपर्यंत फवारणी होऊ शकते, असं त्याच सूचनांमध्ये म्हटलं आहे.

आता साधं गणित करा. एका फेरीत एक एकर धरलं तर २० एकरांना २० फेऱ्या. पाच सेटमध्ये वाटल्या तर प्रत्येक सेट दिवसात चार वेळा चार्ज होणार. साध्या लिपो बॅटरीचं आयुष्य नीट वापरली तर साधारण २०० ते ३०० चार्जिंगचं असतं. म्हणजे पूर्ण कामाचे ५० ते ७५ दिवस भरले की सेट उतरणीला लागला. काही कंपन्यांच्या स्मार्ट बॅटऱ्या यापेक्षा बऱ्याच जास्त चालतात, पण त्यांची किंमतही तशीच असते.

समजा एक सेट ५० हजार रुपयांना पडला. (तुमच्या बिलावर जो आकडा असेल तो घाला.) तो २५० फेऱ्या चालला तर एका फेरीला, म्हणजे एका एकराला, बॅटरीचा खर्च २०० रुपये. निष्काळजीपणामुळे तोच सेट १२५ फेऱ्यांत फुगून बसला तर एकरी खर्च ४०० रुपये. फवारणीचे एकरी जे पैसे घेता, त्यातून हे वजा करून बघा. गट नफ्यात आहे की तोट्यात, ते इथेच ठरतं.

चार्जिंगला वीज फार लागत नाही. १६,००० एमएएचच्या दोन बॅटऱ्यांचा सेट पूर्ण भरायला एक युनिटसुद्धा लागत नाही. म्हणून "लाइटबिल कमी, ड्रोन स्वस्त" असं वाटतं. पण ड्रोनचं खरं पेट्रोल वीज नाही. झिजत जाणारी बॅटरी हेच त्याचं पेट्रोल.

"नवी बॅटरी आधी पूर्ण उतरवा" हा जुना समज

नवा मोबाइल घेतला की दुकानदार सांगायचा, "पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, मग पूर्ण उतरू द्या." हा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. ड्रोनची बॅटरी लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो असते. तिला पूर्ण उतरवली तर फायदा काही होत नाही, उलट नुकसान होतं. पार रिकामी झालेली लिपो पुन्हा नीट उभी राहत नाही.

मग नव्या बॅटरीला सवय लावायची गरज आहे का? लिथियम सेलची अगदी पहिली चार्जिंग कारखान्यातच ठरावीक पद्धतीने करतात. त्यातून सेलच्या आत एक पातळ संरक्षक थर तयार होतो. ते काम आपल्यापर्यंत येण्याआधीच झालेलं असतं. तरीही पहिल्या चार-पाच फेऱ्या हलक्या ठेवायच्या, त्याची कारणं दोन. एक, कारखान्यातला किंवा वाहतुकीतला दोष असेल तर तो कमी उंचीवर, रिकाम्या टाकीवर उघड होतो. दोन, बॅटरी निरोगी असताना तिचे आकडे काय होते, याची नोंद आपल्याकडे राहते. पुढे वाद झाला तर हीच नोंद कामाला येते.

लेबल वाचायला शिका

बॅटरीवर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असतं. चार गोष्टी समजल्या तरी पुरे.

६ एस : आत सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.७, म्हणून बॅटरीवर २२.२ व्होल्ट लिहिलेलं असतं.

१६,००० किंवा २२,००० एमएएच : ही बॅटरीची टाकी. आकडा मोठा तर साठा जास्त, पण वजनही जास्त.

पूर्ण चार्ज : साध्या लिपोमध्ये एका सेलला ४.२ व्होल्ट, म्हणजे सहा सेलला २५.२. काही बॅटऱ्या हाय व्होल्टेज प्रकारच्या असतात, त्यांचा आकडा वेगळा असतो. चार्जरवर प्रकार चुकीचा निवडला की बॅटरी गेलीच समजा, वर आग लागण्याचा धोका.

सी : बॅटरी किती वेगाने भरायची किंवा उतरवायची याचं माप. १६,००० एमएएचच्या बॅटरीला १ सी म्हणजे १६ अँपिअर. अर्धा सी म्हणजे ८ अँपिअर.

फवारणीच्या बऱ्याच ड्रोनमध्ये अशा दोन बॅटऱ्या एकत्र लागतात. त्या जोडीलाच आपण सेट म्हणतो.

खोकं उघडल्यावर काय बघायचं?

खोकं उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा. बॅटरीवरचा क्रमांक दिसला पाहिजे. मग हे तपासा :

– बॅटरी सपाट आहे का? कुठेही फुगवटा, दाब पडल्याची खूण, फाटलेलं आवरण नको.
– गोडसर, थिनरसारखा वास येतोय का? येत असेल तर सेल गळतोय. ती बॅटरी चार्ज करू नका.
– जाड वायर आणि कनेक्टर घट्ट आहेत का? बॅलन्सच्या पांढऱ्या पिनेतली एखादी बारीक तार सैल नाही ना?
– प्रत्येक सेलचा व्होल्टेज किती आहे? चार्जरवर किंवा शेपाचशे रुपयांच्या सेल चेकरवर तो दिसतो.

नवी बॅटरी साधारण अर्धी भरलेली येते, म्हणजे सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास. सहाही सेलचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. ०.०२ ते ०.०३ व्होल्टचा फरक चालतो. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने खाली असेल, किंवा ३ व्होल्टपर्यंत उतरलेला असेल, तर फोटो काढा आणि विक्रेत्याला लगेच कळवा. "एकदा चार्ज करून बघू" म्हणू नका.

स्मार्ट बॅटरी असेल तर ती वाहतुकीत झोपलेल्या स्थितीत असू शकते. बटण दाबलं तरी दिवे लागत नाहीत. अशी बॅटरी तिच्याच कंपनीच्या चार्जरला लावली की जागी होते. दिवे लागत नाहीत म्हणून घाबरून ती खोलायला जाऊ नका.

शेवटी मार्कर पेनाने प्रत्येक बॅटरीवर क्रमांक आणि तारीख टाका. पहिला सेट १अ आणि १ब, दुसरा २अ आणि २ब, असं.

पहिली चार्जिंग सावकाश

पहिली दोन-तीन चार्जिंग अर्ध्या वेगाने करा. १६,००० एमएएचला ८ अँपिअर. बॅटरी अर्धी भरलेली असते, त्यामुळे साधारण तासाभरात, वर थोडा वेळ धरून, ती पूर्ण होते. चार्जरवर बॅलन्स मोड ठेवा. यात चार्जर सहाही सेल एका पातळीवर आणतो. फास्ट मोड नंतर कधी गरज पडलीच तर.

ट्रॅक्टरच्या किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चार्जर लिपोला कधीही लावू नका. दोन्हींची जातकुळी वेगळी आहे.

चार्जिंग चालू असताना बॅटरीला हात लावून बघत राहा. थोडी कोमट झाली तर ठीक. गरम लागली किंवा फुगू लागली तर चार्जिंग लगेच बंद. पूर्ण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या आणि सेलचे आकडे पुन्हा बघून वहीत लिहा. चार्जर आतला रोध, म्हणजे मिलिओहमचा आकडा दाखवत असेल तर तोही लिहा. बॅटरी म्हातारी होत जाते तसा हा आकडा वाढत जातो. आजचा आकडा माहीत असेल तरच उद्याची वाढ कळणार.

पहिल्या पाच फेऱ्या अशा घ्या

या फेऱ्या औषधाशिवाय, साध्या पाण्यावर, मोकळ्या पडीक रानात घ्या. वारा कमी असलेली सकाळची वेळ चांगली.

पहिली फेरी : टाकी रिकामी. दोन-तीन मीटर उंचीवर तीन-चार मिनिटं जागेवर ठेवा. उतरवून बॅटरीला आणि कनेक्टरला हात लावा. बॅटरी थंड पण कनेक्टर गरम असेल तर जोड सैल आहे.

दुसरी आणि तिसरी फेरी : पाव ते अर्धी टाकी पाणी. हळू पुढे-मागे न्या. झटकन उंची घेणं, झटकन वळणं टाळा. बॅटरी निम्मी उरली की उतरवा.

चौथी आणि पाचवी फेरी : पूर्ण टाकी पाणी, पंप चालू. फवारणी करता तसंच करा, पण ४० टक्के उरली की खाली.

प्रत्येक फेरीनंतर बॅटरी गार होऊ द्या, मग चार्ज करा. चार्जरने किती एमएएच परत भरले तो आकडा लिहा. इथे एक सोपी परीक्षा होते. १६,००० एमएएचची बॅटरी ४० टक्क्यांवर उतरवली, म्हणजे ६० टक्के वापरली. परत भरताना साधारण ९,६०० एमएएच गेले पाहिजेत. थोडाफार फरक चालेल. पण ७,००० वरच चार्जर "फुल" म्हणत असेल तर टाकी लेबलवर लिहिलीय तेवढी मोठी नाही, किंवा ड्रोनवरची टक्केवारी चुकीची दाखवतेय. दोन्ही गोष्टी भर फवारणीत कळण्यापेक्षा आज कळलेल्या बऱ्या.

पाच फेऱ्यांत सगळे आकडे सारखे आले तर सेट कामाला लावा. एका दिवसात हे सगळं होतं. फवारणीचा हंगाम तोंडावर असताना बॅटरी मागवू नका, पंधरा दिवस आधी मागवा. मग हा एक दिवस जड वाटत नाही.

जतचं ऊन हाच मोठा शत्रू

लिपोचे तीन वैरी : उष्णता, पार रिकामं होणं आणि पूर्ण भरून नुसतं पडून राहणं. आपल्या तालुक्यात पहिला वैरी सगळ्यात मोठा.

बहुतेक कंपन्या ४० ते ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नका असं सांगतात. फेरीवरून उतरलेली बॅटरी आतून चांगलीच तापलेली असते. तिला लगेच चार्जरला लावलं की आतली रसायनं वेगाने बिघडतात, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. नियम सोपा : हातात सहज धरता येईल इतकी, फार तर कोमट झाली की मगच चार्जिंग. सावलीत याला अर्धा तास तरी लागतो.

आता एप्रिल-मे मधली दुपार डोळ्यांसमोर आणा. बाहेरची हवाच ४० अंश. मग बॅटरी ४० च्या खाली येणार कशी? ती कितीही वेळ ठेवली तरी येत नाही. म्हणून उन्हाळ्यात दुपारचं काम बंद ठेवणं हाच उपाय आहे. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर उडवा. फवारणीसाठीही हीच वेळ योग्य. दुपारी औषधाचे थेंब पानावर बसायच्या आत वाळतात आणि उडूनही जातात.

आणखी काही गोष्टी :

– बॅटऱ्या बंद पिकअपच्या केबिनमध्ये किंवा मोटारसायकलच्या पेटीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापतं.
– लिंबाच्या, चिंचेच्या सावलीत, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल अशा ठेवा. एकावर एक रचू नका. टेबल फॅन असेल तर उत्तम.
– ओलं पोतं टाकू नका, पाण्यात बुडवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. ओलावा आत शिरला तर शॉर्ट होतो.
– पाचही सेट आदल्या रात्री भरून ठेवण्यापेक्षा पहाटे भरा. काम अचानक रद्द झालं आणि भरलेल्या बॅटऱ्या आठवडाभर तशाच राहिल्या, तर तेही नुकसानच.

वारा आणि थंडी

जतच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून-जुलैत वारा सुटतो तेव्हा ड्रोनला जागेवर राहायलाही जास्त जोर लावावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. नेहमी एक एकर होतं म्हणून आजही होईल असं धरू नका. टाकी थोडी कमी भरा. जोराच्या वाऱ्यात फवारणी करूच नये, कारण औषध शेजारच्या रानात जातं.

रोजच्या कामात ३० टक्के उरली की ड्रोन परत बोलवा. २० च्या खाली कधीही जाऊ देऊ नका. "एवढा एक पट्टा राहिलाय" या मोहातच बॅटऱ्या मरतात. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो.

शाळू-हरभऱ्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट अडचण येते. गारठलेली बॅटरी पुरेसा जोर देत नाही. अशा वेळी बॅटऱ्या रात्री घरात ठेवा आणि उडवल्यावर मिनिटभर जागेवर ठेवून मग काम सुरू करा. चुलीजवळ किंवा शेकोटीपाशी शेकायला मात्र ठेवू नका.

लाइट, जनरेटर आणि आकडा

चार्जर किती वॅटचा आहे ते बघा. ३,००० वॅटच्या चार्जरला पूर्ण जोरात साधारण १३ अँपिअर लागतात. घरातल्या साध्या ५ अँपिअरच्या प्लगला तो लावला की बोर्ड जळतो. १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग हवं.

शेतीपंपाच्या लाइनचा भरवसा नसतो, व्होल्टेज वरखाली होतो. आकडा टाकून चार्जिंग करणं तर सोडूनच द्या. तो गुन्हा आहे, जिवाला धोका आहे, आणि महागडा चार्जर एका झटक्यात जातो.

शेतावर जनरेटर वापरत असाल तर आधी जनरेटर सुरू करा, तो स्थिर झाला की चार्जर लावा. बंद करताना आधी चार्जर काढा, मग जनरेटर. डिझेलचा कॅन आणि बॅटऱ्या एकाच कोपऱ्यात नकोत.

चार्जिंग सुरू करून जेवायला, झोपायला जाऊ नका. बॅटरी भरताना कुणीतरी जागेवर असलंच पाहिजे.

जोडी मोडू नका

बैलजोडीत एक बैल दमदार आणि एक थकलेला असेल तर नांगर सरळ चालत नाही. बॅटरीचंही तेच. १अ आणि १ब कायम एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा, एकत्र विश्रांती द्या. नव्या बॅटरीबरोबर जुनी, किंवा एका कंपनीबरोबर दुसऱ्या कंपनीची लावू नका. कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि ड्रोन दुसरीच्या जोरावर तिला आणखी खाली ओढतो. एक खराब झाली तर राहिलेलीला शक्यतो तितक्याच वापरलेल्या दुसऱ्या बॅटरीची जोड द्या.

पाचही सेट पाळीपाळीने वापरा. हाताला लागतो तोच सेट रोज घेतला तर एक लवकर मरतो आणि दुसरा पडून खराब होतो.

कनेक्टर कोरड्या फडक्याने पुसत जा. औषधाचे शिंतोडे बसून त्यावर हिरवट थर येतो, मग जोड तापतो. टाकी धुताना बॅटरी आधी काढून ठेवा.

हंगाम संपला, आता?

दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त काम नसेल तर बॅटरी स्टोरेजला टाका. चार्जरवर स्टोरेज मोड असतो. तो बॅटरी भरून किंवा उतरवून सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणतो. सहा सेलच्या बॅटरीला म्हणजे सुमारे २३ व्होल्ट. काही स्मार्ट बॅटऱ्या काही दिवसांनी हे काम स्वतःच करतात, पण एकदा बटण दाबून खात्री करा.

महिन्यातून एकदा तपासा. अमावस्या किंवा गटाच्या मासिक बैठकीचा दिवस ठरवून टाका, म्हणजे विसर पडत नाही. सेल ३.७ च्या खाली जाऊ लागला तर पुन्हा स्टोरेजला लावा.

ठेवायची जागा थंड, कोरडी, लहान मुलांच्या हाताला न येणारी. पत्र्याच्या माळ्यावर नको, खाली फरशीवर बरी. आजूबाजूला कडबा, खताची पोती, डिझेल, औषधं नकोत. उंदीर वायर कुरतडतात, त्याचा बंदोबस्त करा. कनेक्टरवर टोपी लावा. पान्हे, खिळे, साखळी यांच्यासोबत बॅटरी एका पेटीत टाकू नका. ड्रोनला जोडून तर कधीच ठेवू नका.

बॅटरी फुगली तर?

फुगलेली बॅटरी दाबून सपाट करू नका, टाचणी मारून हवा काढू नका, "अजून दोन फेऱ्या" म्हणू नका. ती बाजूला, उघड्या जागी, वाळूवर ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. फुगवटा नसला तरी बॅटरी काढायची वेळ आली हे ओळखायच्या खुणा तीन : वेळ नव्यापेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली, एक सेल दर वेळी मागे राहतो, किंवा मिलिओहमचा आकडा पहिल्या दिवसापेक्षा दुप्पट झाला.

चार्जिंगच्या जागी वाळूची बादली हवीच. बॅटरीतून धूर आला तर आधी माणसं लांब करा, जमलं तर मेन स्विच बंद करा. धूर विषारी असतो, नाकातोंडात जाऊ देऊ नका. वाळूने आग पसरणं थांबतं. वीज बंद असेल तर लांबून भरपूर पाणी मारून बॅटरी गार करता येते. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच उचलायला जाऊ नका. मदतीसाठी ११२ वर फोन करा.

बाद झालेली बॅटरी भंगारवाल्याला विकू नका, उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे विक्रेत्याकडे परत देण्याचा आग्रह धरा.

वही ठेवा, ती पैसे वाचवते

दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक सेटला दहा-बारा पानं. रकाने पाच : तारीख, कितवी चार्जिंग, उतरवताना किती टक्के, परत किती एमएएच भरले, काही वेगळं दिसलं का. गटात एकीने उडवायचं आणि एकीने वही लिहायची, असं ठरवलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

वॉरंटीचा दावा करताना समोरून पहिला प्रश्न येतो, "तुम्ही नीट वापरली का?" तेव्हा खोकं उघडतानाचा व्हिडिओ, पहिल्या दिवसाचे सेलचे आकडे आणि वही समोर ठेवली की तोंडी वाद उरत नाही. खरेदीच्या वेळीच विचारून घ्या : बॅटरीला वॉरंटी महिन्यांवर आहे की चार्जिंगच्या संख्येवर? वार्षिक देखभाल करारात आणि विम्यात बॅटरी धरली आहे का? उत्तर लेखी घ्या.

दुसरी गोष्ट, प्रत्येक एकरामागे बॅटरीसाठी ठरावीक रक्कम गटाच्या खात्यात बाजूला टाका. वरच्या हिशेबात ती २०० रुपये आली, तुमची वेगळी असेल. हे पैसे नफा म्हणून वाटून टाकले, तर पुढच्या वर्षी सेट बदलायला गटाला कर्ज काढावं लागतं, नाहीतर ड्रोन कोपऱ्यात धूळ खात पडतो.

लग्नाच्या शूटिंगचे लहान ड्रोन वापरणाऱ्या मुलांनाही यातलं बहुतेक लागू आहे. बॅटरी लहान आहे, स्वभाव तोच. मांडवातल्या हॅलोजनजवळ चार्जिंग नको आणि शूटिंग संपल्यावर भरलेली बॅटरी महिनाभर बॅगेत नको.

थोडक्यात लक्षात ठेवा

– नवी बॅटरी पूर्ण उतरवू नका. आधी तपासा, क्रमांक टाका, सावकाश चार्ज करा.
– पहिल्या पाच फेऱ्या साध्या पाण्यावर, ४० ते ५० टक्के उरली की खाली.
– रोजच्या कामात ३० टक्क्यांवर परत.
– गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही. उन्हाळ्यात दुपारी काम बंद.
– जोडी कायम एकत्र.
– दोन-तीन दिवस काम नसेल तर स्टोरेज.
– फुगली की बाद.

उमदी असो, संख असो की डफळापूर, फवारणीचे दिवस मोजकेच असतात. तुरीवर अळी पडली की दोन दिवसांत ड्रोन शेतावर हवा, आणि त्या दोन दिवसांत पाचही सेट चालू हवेत. त्याची तयारी अळी पडल्यावर होत नाही. ती नवी बॅटरी घरात येते त्या दिवशी होते.